पहिले एकचाक निवडताना : इनमोशन व्ही८एफ आणि मुंबईतील दोन पावसाळे

इलेक्ट्रिक युनिसायकल, म्हणजे दोन बाजूंच्या पेडलवर उभे राहून चालवायचे बॅटरीवरचे एकच चाक, घ्यायचे मनात आले की माणूस आधी तिचा कमाल वेग पाहतो, मग ती एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते ते पाहतो आणि शेवटी किंमत वाचून काही दिवस गप्प बसतो. माझेही तसेच झाले. रोजच्या वापरात दीड वर्ष आणि दोन पावसाळे काढल्यानंतर आता मला कोणी सल्ला विचारला, तर मी आधी विचारतो की तुम्ही कितव्या मजल्यावर राहता आणि इमारतीला लिफ्ट आहे का.

मी पवईच्या बाजूला एका मोठ्या संस्थेच्या आवारात, कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, पायऱ्या अठ्ठावन्न आहेत. घरापासून कार्यशाळेपर्यंतचे अंतर सव्वादोन किलोमीटर असून दुपारचे जेवण घरी घेत असल्याने ते दिवसातून चार वेळा कापावे लागते. हा सगळा रस्ता आवाराच्या आतला आहे, आणि चाक घेण्याचे धाडस मी त्याच कारणाने केले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार ज्या बॅटरीवरील वाहनाच्या मोटरची अर्ध्या तासाची क्षमता २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, तेच नोंदणीच्या अटीतून सुटते. येथे ज्या चाकांची चर्चा करणार आहे, त्यांच्या मोटरी १००० वॅट आणि त्याहून मोठ्या आहेत. म्हणजे सूट मिळत नाही, आणि आरटीओत नेऊन नोंदवावे असा या वाहनाचा वर्गही नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून रिक्षांच्या रांगेतून हे चाक चालवत कामावर जाण्याचे स्वप्न कोणी पाहत असेल, तर त्याने ते आत्ताच सोडावे. अपघात झाला तर विम्याचा आधार मिळण्याची आशाही ठेवू नये. मोठी वसाहत, कारखान्याचे किंवा संस्थेचे आवार आणि तेथील सुरक्षा विभागाची परवानगी एवढे जुळून येत असेल, तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे. मी परवानगीचा अर्ज लेखी दिला होता आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या आत ठेवण्याची अट मान्य केली होती.

निवडीसाठी माझ्यासमोर तीन चाके होती. इनमोशन व्ही८एफ हे १६ इंची चाक ५१८ वॅट-तास बॅटरीचे असून वजनाला साधारण साडेचौदा किलो भरते. किंगसाँग १६एक्सची बॅटरी १५५४ वॅट-तासांची, टायर तीन इंच रुंद आणि वजन सुमारे २४ किलो. २०२० मध्ये आलेल्या इनमोशन व्ही११ला १८ इंची टायर आणि हवेवर चालणारे सस्पेन्शन आहे. वजन २७ किलो. हे आकडे वाचताना मला त्यांचा काही बोध होत नव्हता. तो झाला गॅस सिलिंडरमुळे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन त्याच्या गळ्यावर छापलेले असते. आमच्या घरातल्या टाकीवर १५.८ असा आकडा होता. व्ही८एफ म्हणजे जवळपास रिकामा सिलिंडर आणि व्ही११ म्हणजे थोडाफार वापरलेला, पण भरल्यातच जमा असलेला सिलिंडर. मी रिकामी टाकी घेऊन तीन मजले दोनदा चढलो-उतरलो आणि नंतर नव्याने आलेली भरलेली टाकी घेऊन एकदाच चढण्याचा प्रयत्न केला. पहिल्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार उघडून काय चालले आहे म्हणून विचारले. निर्णय तेथेच झाला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. हलके चाक घेणे म्हणजे केवळ सोय पदरात पाडून घेणे नाही, त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते आणि ती सुरक्षिततेशी संबंधित असते. हे चाक पुढे-मागे स्वतःचा तोल सांभाळते. आतला जायरोस्कोप आणि प्रवेगमापक चाक किती झुकले आहे ते सतत मोजत असतात आणि तुम्ही पुढे झुकलात की मोटर चाकाला तुमच्या पायाखाली ओढून आणते. बाजूचा तोल मात्र सायकलसारखा तुम्हालाच राखावा लागतो. याचा अर्थ असा की मोटरमध्ये जोर शिल्लक आहे तोवरच तुम्ही उभे आहात. चाक जितके वेगाने फिरते, तितका मोटरमध्येच उलट दिशेचा दाब निर्माण होतो आणि बॅटरीच्या व्होल्टेजपैकी जोर देण्यासाठी उरणारा भाग कमी होत जातो. पूर्ण चार्ज झालेली या चाकाची बॅटरी ८४ व्होल्ट देते, कारण तिच्यात वीस सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक सेल ४.२ व्होल्टचा असतो. तोच सेल ३.३ व्होल्टवर आला की एकूण व्होल्टेज ६६ होते, म्हणजे वेगाची मूळ मर्यादाच साधारण एक पंचमांशाने खाली येते. वर चढ असेल आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी असेल, तर बॅटरी त्या क्षणी आणखी दबते. मोठ्या बॅटरीत अनेक रांगा समांतर जोडलेल्या असल्यामुळे हा दाब वाटला जातो. छोट्या बॅटरीत तो मोजक्या सेलांवर पडतो. मोटरचा जोर पूर्ण संपला तर चाक पुढे निघून जात नाही, उलट ते मागे पडते आणि माणूस तोंडावर पुढे जातो. चाकवाले याला कटआउट म्हणतात.

तो प्रसंग येऊ नये म्हणून चाक आधी सूचना देते. ठरवलेली वेगमर्यादा गाठली किंवा बॅटरी फार उतरली, की आधी बीप वाजतो आणि मग पेडलची पुढची बाजू वर उचलली जाते, ज्याला टिल्टबॅक म्हणतात. ते कसे वाटते हे शब्दांत सांगणे कठीण आहे, पण पायाच्या चवड्यांखाली कोणी तरी पाचर ठोकत आहे असे समजा. मार्च महिन्यातल्या एका दुपारी, बॅटरी १८ टक्क्यांवर असताना, तलावाकडून वर येणाऱ्या चढावर मी घाईने पुढे झुकलो. बीप ऐकला, पण आणखी शंभर मीटरच उरले आहेत म्हणून तसाच पुढे गेलो, आणि चवडे वर उचलले गेल्यावर खाली उतरून चाक ढकलत नेले. चूक संपूर्णपणे माझी होती. तेव्हापासून ३० टक्क्यांच्या खाली गेलेले चाक मी चढावर नेत नाही आणि चाकाच्या मोबाइल ॲपमधली वेगमर्यादा ताशी २५ वरच ठेवली आहे. चाकाची क्षमता ३५ असली तरी हा दहाचा फरक माझ्या दृष्टीने राखीव निधी आहे.

व्ही८एफ घेणाऱ्याने हे गणित आधीच मांडावे. माझे वजन ७४ किलो आहे आणि सावकाश चालवल्यास मला किलोमीटरमागे साधारण १६ ते १७ वॅट-तास लागतात. बॅटरी पूर्ण रिकामी केली तर तीस किलोमीटर होतील, पण ३० टक्के शिल्लक ठेवायची शिस्त पाळली तर हाती एकवीस-बावीस किलोमीटर येतात. माझी रोजची गरज नऊ किलोमीटरची असल्याने ते दोन दिवसांना पुरते. ज्याचे वजन ९० किलोच्या पुढे आहे, ज्याच्या वाटेवर मोठे चढ आहेत किंवा ज्याला एका दमात वीस किलोमीटर जायचे आहे, त्याने हे चाक घेऊ नये. त्याच्यासाठी १६एक्स योग्य आहे, मात्र तो तळमजल्यावर राहत असला पाहिजे. आमच्या विभागातील एका सहकाऱ्यांनी माझ्यानंतर तेच घेतले. रुंद टायर आणि मोठी बॅटरी यांमुळे त्यांचे चाक पायाखाली रेल्वेच्या डब्यासारखे स्थिर वाटते, हे मी दोन-तीनदा चालवून पाहिल्यावर मान्य केले आहे. व्ही११चे सस्पेन्शन मोहात पाडणारे आहे, पण शिकताना चाक पन्नास वेळा तरी जमिनीवर आपटते आणि २७ किलोचे चाक दर वेळी उभे करताना कंबर बोलू लागते. ३५ किलोचे आणि ३२०० वॅट-तास बॅटरीचे व्हेटरन शेरमन पहिले चाक म्हणून घ्यावे का, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. मी त्याला आमच्या जिन्यात नेऊन उभे केले.

शिकण्याविषयी फार लिहीत नाही. रोज वीस मिनिटे सराव केला तर आठ-दहा दिवसांत माणूस सरळ जाऊ लागतो. वळणे घ्यायला आणखी दोन आठवडे लागतात. एक पाय पेडलवर ठेवून चाक नडगीला टेकवायचे असते आणि पहिल्या आठवड्यात नडगीचा आतला भाग काळानिळा पडतो, म्हणून जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून पायाला बांधावा. हँडलला दोरी बांधून तिचे टोक हातात ठेवले तर चाक गडगडत जाऊन आपटत नाही. मी सुरुवातीला कंपाउंडच्या भिंतीला धरून सराव करीत होतो. आमच्या गेटवरचे साताऱ्याकडचे पहारेकरी दोन दिवस ते पाहत होते. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन म्हणाले, “सर, भिंत नको. भिंतीनं कोपर सोलतंय. पाण्याच्या टाकीपाशी रेलिंग हाय, तिथं धरा, हात सरकत जाईल.” त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे निघाले. रेलिंगवरून हात सरकतो, भिंतीला मात्र माणूस चिकटून बसतो. नजर चाकावर न ठेवता पुढे ठेवा, हे सगळेच सांगतात. ते ऐकायला चार दिवस लागतात.

पडताना हात आधी पुढे जातो, म्हणून मनगटाचे संरक्षक सर्वांत महत्त्वाचे. स्केटिंगसाठी मिळतात तेच चालतात. मी धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांतून ते आणि गुडघ्याचे संरक्षक घेतले. हेल्मेट हनुवटी झाकणारे हवे, कारण या वाहनावरून माणूस बहुधा पुढेच पडतो.

आता टायरकडे येतो, कारण मुंबईत या चाकाची खरी परीक्षा तेथे होते. व्ही८एफचा टायर सव्वादोन इंचांहूनही थोडा अरुंद आहे आणि त्याला सस्पेन्शन नाही. धक्के शोषायचे काम टायरमधली हवा आणि तुमचे गुडघे यांनाच करावे लागते. काँक्रीटच्या रस्त्यावर याची काहीच अडचण येत नाही. पेव्हर ब्लॉकवर मात्र, विशेषतः खालची वाळू वाहून गेल्याने जेथे ठोकळे वरखाली झाले आहेत तेथे, अरुंद टायर फटीत शिरून आपल्याच दिशेने जाऊ पाहतो. फट प्रवासाच्या दिशेला समांतर असेल तर ती तिरपी ओलांडावी आणि गुडघे सैल ठेवावेत. तीन इंची टायरला हा त्रास पुष्कळ कमी होतो. गटाराच्या लोखंडी जाळ्या आणि ओले मॅनहोलचे झाकण या दोन गोष्टी कोणत्याही चाकाने टाळाव्यात.

पहिल्या सहा महिन्यांत मी हवा तपासण्याचा आळस केला. नियमाने ती ४० पीएसआयच्या आसपास असायला हवी होती. ज्या दिवशी ग्रंथालयासमोरच्या उंच ठोकळ्यावर चाक आदळले आणि फुस्स असा आवाज आला, त्या दिवशी ती २८ होती. ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली गेली होती; सापाच्या दंशासारखी दोन भोके शेजारी शेजारी. चाक घेऊन मी मुख्य प्रवेशद्वाराबाहेरच्या पंक्चरवाल्यांकडे गेलो. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिले, नट कुठे आहे ते विचारले आणि मग स्पष्ट सांगितले की वायरच्या भानगडीत ते पडणार नाहीत, मी चाक सोडवून आणले तर ट्यूब ते पाच मिनिटांत बदलून देतील. ही अट अगदी रास्त होती.

त्या शनिवारी मी घरी चाक उघडले. आधी बॅटरी बंद, मग दोन्ही बाजूंची आवरणे, मग पेडल, मग मोटर ज्यावर बसते ते कंस. स्क्रू चार वेगवेगळ्या लांबीचे निघाले. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आईचा जुना मिसळणाचा डबा घेतला आणि हळदीच्या वाटीत आवरणाचे, मोहरीच्या वाटीत पेडलचे, असे ठेवत गेलो. मोटरची केबल आसाच्या एकाच टोकातून बाहेर येते. तीन जाड तारा आणि सेन्सरच्या बारीक तारांचा एक जुडगा. ती कशी वळवून बसवली होती याचा फोटो आधी काढला नसता तर जोडणी करताना माझी फजितीच झाली असती. टायर नेहमी केबल नसलेल्या बाजूने काढावा. सुखद आश्चर्य असे की हा टायर १६ × २.१२५ मापाचा, म्हणजे लहान मुलांच्या सायकलला असतो त्याच मापाचा आहे, आणि त्याची ट्यूब काळबादेवीच्या सायकलच्या दुकानात सहज मिळाली. फक्त व्हॉल्व्ह वाकड्या मानेचा मागून घ्यावा, कारण मोटरची थाळी रिमला एवढी जवळ असते की सरळ व्हॉल्व्हवर पंपाचे तोंड नीट बसत नाही. दुसऱ्या वेळी हेच काम दीड तासात झाले, पहिल्या वेळी अख्खा दिवस गेला होता. १६एक्सचा तीन इंची टायर असा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. माझ्या सहकाऱ्यांनी तो बाहेरून मागवला आणि तो येईपर्यंत ते पायी फिरले.

विकत घेण्याच्या बाबतीत माझी तक्रार आहे, पण ती विक्रेत्याबद्दल असल्याने नाव घेत नाही. नवे चाक मागवण्याचा पहिला प्रयत्न फसला. लिथियम बॅटरीचा माल धोकादायक मालात मोडत असल्यामुळे त्याची कागदपत्रे वेगळी लागतात आणि ती अपुरी होती, म्हणून पेटी परत गेली आणि माझे पैसे अडीच महिने अडकून पडले. शेवटी पुण्याच्या एका हौशी स्वाराकडून ६०० किलोमीटर चाललेले चाक घेतले. वापरलेले चाक घेताना ॲपमधले एकूण अंतर पाहावे, पूर्ण चार्ज केल्यावर व्होल्टेज ८४ च्या जवळ जाते का ते पाहावे, आणि चाक उचलून धरून मोकळे फिरवताना बेअरिंगची घरघर येते का ते ऐकावे. चार्जर मूळ आहे का हेही विचारावे. नसेल तर मल्टिमीटरने त्याचे व्होल्टेज मोजल्याशिवाय तो चाकाला लावू नये. पुण्याहून चाक मी मोटारीने आणले. विमानात ते चालतच नाही, कारण प्रवाशांसोबतच्या बॅटरीची मर्यादा विमान कंपनीच्या मंजुरीने जास्तीत जास्त १६० वॅट-तास आहे, आणि सकाळच्या लोकलमध्ये हे घेऊन चढणाऱ्याला डब्यातले लोक काय म्हणतील ते लिहिण्याची गरज नाही.

चार्जिंगबाबत घरात एक शिस्त ठरवून घ्यावी लागली. एका पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटहून थोडी अधिक वीज लागते, त्यामुळे बिलाचा प्रश्न येत नाही. प्रश्न जागेचा आहे. चाक बाहेर पडण्याच्या दाराजवळ चार्ज करू नये, कारण पेट घेतलाच तर वाट तीच असते. आम्ही ते बैठकीच्या खोलीत, फरशीवर, पडद्यापासून दूर ठेवतो आणि सगळे जागे असतानाच लावतो. रोज ८५ ते ९० टक्क्यांवर थांबवतो आणि तीन-चार आठवड्यांतून एकदा पूर्ण भरतो, कारण सेल एकमेकांच्या बरोबरीला आणण्याचे काम बॅटरीची यंत्रणा सहसा शेवटच्या टप्प्यातच करते. सकाळी घरून निघताना लगेच मोठा उतार असेल तर बॅटरी शंभर टक्के भरलेली नसणेच चांगले. उतारावर ब्रेक लावताना मोटर वीज परत बॅटरीत ढकलते आणि भरलेल्या बॅटरीत तिला जागा नसते.

पावसाळ्याबद्दल मतभेद आहेत. माझ्या सहकाऱ्यांच्या मते आयपी ५५ सारखे, धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचे मानांकन असले की सरींत चालवायला हरकत नाही. त्या मानांकनातील दुसरा आकडा पाण्याच्या फवाऱ्यापुरताच असतो; पाण्यात बुडण्याची हमी ७ या आकड्यापासून सुरू होते. शिवाय ज्याची आवरणे एकदा घरी उघडून पुन्हा बसवली आहेत, त्या चाकाला छापील मानांकन लागू राहते असे मी मानत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की झाकण, हे कळत नाही. एका चाकावर उभ्या असलेल्या माणसाला तो फरक कळण्याआधीच जाणवतो. पावसाळ्यात मी चाक कपाटाच्या वर, निम्म्या चार्जवर ठेवतो, उघडीप मिळाली तर काढतो आणि एरवी छत्री घेऊन चालत जातो. म्हणजे रोजच्या वापराचे चाक वर्षाचे आठ-नऊ महिनेच रोजचे असते, हे पैसे देण्यापूर्वी घरच्यांना सांगून ठेवावे.

सध्या माझ्या चाकाचे २,९०० किलोमीटर झाले आहेत, टायर दुसरा आहे आणि मागचे मडगार्ड मी स्वतः बसवले आहे. सहकाऱ्यांना गेल्या महिन्यात दुसऱ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर मिळाले. त्यांचे २४ किलोचे चाक आता रात्री कार्यशाळेतच, लेथच्या शेजारी साखळीने बांधून असते. सकाळी ते घरून चालत येतात आणि दिवसभर आवारात चाकावर फिरतात. व्ही८एफ विकायचे झाले तर आधी आपल्याला सांगावे, असे त्यांनी मला दोनदा सांगून ठेवले आहे.